कॉम्प्रेसर गेला, असं मी म्हणालो

दुबईला सतरा वर्षं होतो म्हटलं की लोक आधी सोन्याचा भाव विचारतात. मला तो कधीच माहीत नव्हता. मी दुबई बघितली ती इमारतींच्या गच्चीवरून, दुपारी दोनच्या उन्हात, हातात पाना घेऊन. एसीचं मुख्य यंत्र गच्चीवर असतं आणि ते बंद पडायला भर उन्हाचाच मुहूर्त शोधतं. त्यामुळे अल मनखूल भागातल्या निम्म्या गच्च्या मला तोंडपाठ होत्या आणि मॉल मात्र एकही धड ठाऊक नव्हता. बायको म्हणायची, तुमच्याबरोबर दुबई फिरायची म्हणजे पाण्याच्या टाक्या बघत हिंडायचं.

कराडच्या आयटीआयमधून रेफ्रिजरेशन शिकलो, नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास तिकडे गेलो. पहिली तीन वर्षं अबू धाबीजवळ मुसफ्फाच्या एका वर्कशॉपमध्ये एसीची हवा वाहून नेणाऱ्या डक्टचे पत्रे वाकवले. मग दुबईतल्या एका मेंटेनन्स कंपनीत लागलो आणि फोरमन होऊन निवृत्त झालो. माझी कारकीर्द एवढीच. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, गिऱ्हाइकांबद्दल लिहा, दुरुस्तीचा खर्च कसा वाचवावा ते लिहा. लिहितो. पण खर्चाचं म्हणाल तर माझ्या हातून झालेली सगळ्यात महागडी दुरुस्ती फुकटात झाली होती, आणि तीच मला सांगायची आहे.

आधी थोडं शास्त्र, म्हणजे पुढचं कळेल. एसी गार हवा तयार करतो असं सगळ्यांना वाटतं. तसं काही नाही. तो घरातली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. खोलीतली हवा एका जाळीतून आत ओढायची, थंडगार नळ्यांवरून फिरवायची आणि दुसऱ्या जाळीतून परत सोडायची. त्या नळ्यांतून गॅस फिरतो आणि त्याला फिरवतो तो कॉम्प्रेसर. हा गॅस वापरून संपत नाही. हे वाक्य मी सतरा वर्षांत किती वेळा बोललो असेन याला गणती नाही. आपल्या माणसाच्या डोक्यात स्वयंपाकाचा सिलिंडर बसलेला. मे महिना आला की फोन सुरू, मोहितेसाहेब, गॅस भरून द्या. गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, ती शोधू या म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न, किती लागतील? गळती शोधायचे दीडशे दिरहम सांगितले की लगेच मोठ्याने हिशेब, म्हणजे सतराशे रुपये झाले की हो. आणि गॅस भरायचे तेवढेच पैसे दर वर्षी आनंदाने द्यायचे, कारण त्यात काहीतरी भरल्यासारखं वाटतं. आमच्या धंद्यातले पुष्कळ लोक या एका समजुतीवर गावाकडे घरं बांधून बसले.

गिऱ्हाइकं तरी एकेक. उम्म अल कुवैनला एका म्हाताऱ्या अरबाबाने, म्हणजे तिथल्या अरब मालकाने, नवा एसी बसवून घेतला आणि आठवड्यात तीनदा तक्रार केली. मी सव्वा तास गाडी चालवून गेलो. एसी उत्तम, खोलीत नुसतं काश्मीर. मला कळेना. तेव्हा अरबाब त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला की ये आवाज नहीं करता. जुना एसी वीस वर्षं खडखडत होता, त्याची सवय झालेली. हा नवा मुका, त्यामुळे दुपारची झोपच लागेना. मी पुढच्या जाळीचा एक स्क्रू अर्धा ढिला केला. खड खड सुरू झाली. म्हाताऱ्याने डोळे मिटून ऐकलं, खलास, म्हणजे झालं काम, असं म्हणाला आणि मला ताज्या माशांनी भरलेली पाटी दिली. घरी येईपर्यंत कंपनीच्या गाडीला जो वास लागला तो ईदपर्यंत टिकला. पण बरं वाटलं. काय बिघडलंय ते गिऱ्हाईकच सांगतं, आपण फक्त ऐकून घ्यावं, असं मी तेव्हा शिकलो होतो. शिकलो होतो म्हणजे, तसं मी सगळ्यांना सांगत असे.

आता सुधीरची गोष्ट. सुधीर पानसे आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायचा. मूळचा वाईचा, एका शिपिंग कंपनीत अकाउंट्समध्ये. बायको मेधा, दोन मुली. मुलींशी मराठीत बोललं की उत्तर इंग्रजीत यायचं. सुधीर सरळ, शब्दाला पक्का, पण काटकसरीत पीएचडी. मला दादा म्हणायचा आणि त्याच्या घरच्या एसीचा मी बिनपगारी डॉक्टर. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा त्याची आई पहिल्यांदाच दुबईला आली, व्हिजिट व्हिसावर. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. वडील नव्हते. काकू वाईला एकट्या राहायच्या. त्यांना व्हिसा वाढवून दिवाळीपर्यंत ठेवून घ्यायचं असं सुधीरच्या मनात होतं. त्यासाठी त्याने वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते. आईला अल ऐन दाखवायचं, समुद्रात बोटीतून फिरवायचं, सगळी यादी तयार होती.

आणि त्या वर्षी गणपती. एरवी दीड दिवसाचा असायचा, काकू आल्या म्हणून पाच दिवसांचा ठरला. काकूंनी शाडूची मूर्ती वाईहून विमानात मांडीवर ठेवून आणली होती. हवाई सुंदरीने ती वर सामानात ठेवायला मागितली तर काकूंनी तिला मराठीतच सुनावलं, आणि ती मुकाट्याने गेली म्हणे.

मखर करायचा मान माझा. आमच्या परिसरात मोहित्यांचं मखर म्हणजे नाव होतं, उगाच नम्रपणा कशाला. हॉलमध्ये पूर्वेकडे तोंड करून बसवायची एकच भिंत मोकळी होती. त्या भिंतीत कमरेच्या उंचीवर हवा आत ओढणारी जाळी होती, दोन फूट बाय दोन फूट, दिसायला अगदी कळकट. ती झाकायला मी मरून रंगाचा मखमली पडदा आणला. आता मी एसीचा माणूस, जाळी झाकायची नाही हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पडदा आणि भिंत यांत चार बोटं फट राहावी म्हणून मी लाकडी पट्ट्या मोजून कापून आणल्या होत्या. तेवढ्यात काकूंनी गरम थालीपीठ पुढे केलं. मग दुसरं. मग सगळ्यांनी पडद्याचा रंग किती खुलतोय म्हणून वाखाणणी केली. मी समोर थर्माकोलचे खांब उभे केले, चौरंग ठेवला, नारळ ठेवला आणि घरी गेलो. पट्ट्या गाडीत राहिल्या.

गुरुवारी मूर्ती बसली. संध्याकाळी एसी जरा मंदावला. शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी घराची भट्टी झालेली. त्यात मेधाचं स्वयंपाकघर मोदकांच्या वाफेने भरलेलं, आणि चारपासून ऐंशी माणसं दर्शनाला येणार. सुधीरचा फोन आला तसा मी गच्चीवर गेलो. पाहतो तर कॉम्प्रेसरवर बर्फ, आतून ठकठक, थोडं चालतोय आणि बंद पडतोय. मी गॅसचा दाब मोजायचं गेजही लावलं नाही. फिल्टर चारच दिवसांपूर्वी मी स्वतः धुतला होता, त्यामुळे खाली हवेचं काही तपासायची गरजच वाटली नाही. माझ्या हाताखालच्या प्रत्येक माणसाला मी बजावलं होतं की आधी हवा बघा, मग गॅस बघा, कॉम्प्रेसरचं नाव सगळ्यात शेवटी घ्या, कारण ते नाव घेतलं की गिऱ्हाइकाचं घर हलतं. आणि मी खाली येऊन कपाळाचा घाम पुसत सांगितलं, "सुधीर, कॉम्प्रेसर गेला."

किती, असं त्याने विचारलं. मी ओळखीच्या दुकानाचा भाव धरून, माझी मजुरी न लावता, तीन हजार चारशे दिरहम सांगितले. त्याचे ओठ हलले. तेव्हा दिरहमला पावणेबारा रुपये पडायचे. चाळीस हजार, असं तो म्हणाला. ते अगदी हळू म्हणाला, पण काकू दारात उभ्या होत्या.

घरमालक परदेशात होता आणि वॉचमन इन्शाल्ला म्हणत होता. इन्शाल्ला हा शब्द मेकॅनिकने उच्चारला तर दोन दिवस धरावेत, वॉचमनने उच्चारला तर दोन महिने. म्हणजे पैसे सुधीरच्याच खिशातून जाणार हे उघड होतं. शारजाच्या दुकानातून शनिवारी माल उचलायचा असं ठरलं. मी घरून दोन उभे पंखे आणून लावले. ते निरांजनं विझवायचे आणि गरम हवा ढवळायचे.

काकूंनी मात्र स्वयंपाकघरात आपला निकाल देऊन टाकला. व्हिसा वाढवायचा नाही, विसर्जन झालं की आपण चाललो. माझ्यापायी एवढा खर्च चाललाय, त्यात हे चाळीस हजार, दोन्ही कशाला. सुधीर हात जोडायला लागला, मेधाच्या डोळ्यांत पाणी. काकू ऐकेनात. आणि नुसतं बोलून थांबतील त्या काकू कसल्या. दर्शनाला आलेल्यांत आमच्या ओळखीचा एक ट्रॅव्हल एजंट होता. त्याच्या हातात मोदकांची बशी देऊन त्यांनी त्याला कोपऱ्यात गाठलं आणि तो तिसरा मोदक संपवतो तोवर मंगळवारच्या विमानात आपली जागा पक्की करून घेतली.

पाचच्या आरतीला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे घामाने निथळत होते, पण काही बायका अगदी शांत उभ्या राहून गणपतीच्या मागे टक लावून बघत होत्या. कुजबुज माझ्यापर्यंत आली. गणपतीमागचा पडदा श्वास घेतोय. मीही पाहिलं. खरंच, मखमल हळूच आत जायची, भिंतीला चिकटून थांबायची, सुटायची, पुन्हा आत जायची. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ चप्पल न घालताच धावत खाली आले. कोणीतरी गुडघ्यावर बसलं. सांगायला लाज वाटते, पण मीही हात जोडले आणि डोळे मिटले.

डोळे मिटल्यावर मला गाडीतल्या पट्ट्या दिसल्या.

हवा आत ओढणारी जाळी मी स्वतःच्या हाताने मखमलीने बंद केली होती. खोलीतली हवा आतल्या नळ्यांवर पोचतच नव्हती, म्हणून नळ्यांवर बर्फ धरला होता, आणि तो पाइपातून सरकत वर कॉम्प्रेसरपर्यंत गेला होता. कॉम्प्रेसर ठणठणीत होता. बिचारा गुदमरत होता.

मूर्ती हलवता येत नव्हती, प्राणप्रतिष्ठा झालेली. मंडळी प्रसादाकडे वळली तसा मी फुलं नीट करतो म्हणून मखराच्या मागे घुसलो आणि खिशातल्या कटरने जाळीपुरता चौकोन पडद्यातून कापून काढला. समोर मूर्ती आणि प्रभावळ होती, त्यामुळे कोणाला दिसलं नाही. मग गच्चीवर जाऊन कॉम्प्रेसर बंद केला, खाली नुसता पंखा चालू ठेवला आणि बर्फ वितळायला दीड तास दिला. दोन बादल्या पाणी निघालं. पडद्याचा श्वास का थांबला असं एका आजींनी विचारलं, तर दुसऱ्या म्हणाल्या की नैवेद्य झाला, आता निजला असेल. मी बादली उचलून बाहेर गेलो.

साडेसातला हॉल गार झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुधीरने माझे दोन्ही हात धरले, दादा, काय केलंत? खरं सांगायला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. पण ऐंशी माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "थोडं ॲडजस्ट केलंय. हे वर्ष काढेल."

हे वर्ष काढेल. म्हणजे पुढच्या वर्षी जाणार, असंच कोणीही समजणार. काकूंनीही तेच धरलं. तिकीट झालंच आहे, पैसे जपून ठेव, पुढच्या वर्षी लागतील, असं त्यांनी सुधीरला सांगितलं आणि पान वाढायला गेल्या. सुधीरचा चेहरा पडला तो पडलाच. ज्या माणसाने वर्षभर आईसाठी पैसे साठवले, त्याची आई माझ्या एका वाक्यापायी परत चालली होती. मला मोदक गोड लागेनात. रोज जाऊन सांगायचं ठरवायचो आणि रोज आरती करून परत यायचो. फोरमन माणूस, माझ्याच मखराने माझीच फजिती केली हे तोंडातून बाहेर पडेना.

मंगळवारी विमानतळावर मी बरोबर गेलो. सुधीर गाडी लावायला गेला, मेधा मुलींना पाणी आणायला गेली. काकू आणि मी ट्रॉलीजवळ उभे होतो. मी खाली मान घालून एका दमात सगळं सांगून टाकलं. कॉम्प्रेसर चांगला आहे, पडदा मी लावला होता, पट्ट्या मी विसरलो. आत्ताच्या आत्ता सुधीरला सांगतो, तिकीट रद्द करू या, जो काही दंड लागेल तो मी भरतो.

काकूंनी आधी आजूबाजूला पाहिलं. मग माझं मनगट धरलं.

"विलास, एक अक्षर बोलायचं नाही त्याला."

मला वाटलं मला सांभाळून घेतायत. पण तसं नव्हतं.

"मला इथे करमत नाही रे," त्या म्हणाल्या. "सोन्यासारखा मुलगा, सून गुणाची. पण खिडकी उघडायची नाही, रस्त्यात कोणी ओळखीचं नाही. मुली दिवसभर शाळेत, आल्या की इंग्रजी. दिवाळीपर्यंत कशी राहू? आणि नको म्हटलं तर त्याला काय वाटेल? तुझा तो कॉम्प्रेसर मदतीला आला म्हणून सुटले."

माझं मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं.

"आता तुझं एक काम," त्या पुढे म्हणाल्या. "ते पैसे त्याच्याजवळ शिल्लक आहेत. दर वर्षी त्याला सांगायचं, मशीन हे वर्ष काढेल, तू पैसे तिकिटाला घाल आणि पंधरा दिवस आईकडे जाऊन ये. तेवढं कर म्हणजे फिटलं."

सुधीर आला. काकूंनी पदराने डोळे टिपले आणि त्याला बजावलं की मशीनची काळजी घे.

त्यानंतर सहा वर्षं मी नेमाने खोटं बोललो. गणपतीआधी सुधीरकडे सर्व्हिसिंगला जायचो. तो माझ्यामागून गच्चीवर यायचा आणि डॉक्टरला विचारावं तसं विचारायचा की दादा, हे वर्ष काढेल का? मी कॉम्प्रेसरला कान लावायचो, उगाच जरा वेळ लावायचो, एकदा तर स्टेथोस्कोपसारखा पाना लावून ऐकलं. मग म्हणायचो, काढेल, पण तू पैसे अडकवून बसू नकोस, आईला भेटून ये. हा हिशोबी माणूस, पण मेकॅनिकने सांगितलं की मुकाट्याने तिकीट काढायचा. सहा वर्षं, दर वर्षी पंधरा दिवस. परत आला की काकूंचा निरोप आणायचा, विलासला सांग, मशीन छान चाललंय. सुधीरला यात विनोद काय तो कळायचा नाही, मला एकट्याला हसू यायचं.

सातव्या वर्षी उन्हाळा लागायच्या सुमारास काकू झोपेतच गेल्या. सुधीर जाऊन दिवस करून आला.

त्या वर्षीही गणपतीआधी त्याने बोलावलं. भर दुपार होती, मेधा ऑफिसात, मुली क्लासला. गच्चीवरचं काम झालं, हॉलमध्ये बसून चहा घेतला. त्याने सवयीने विचारलं, "दादा, काढेल का हे वर्ष?"

आता कोणाला फसवायचं आणि कशासाठी. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. पडदा, पट्ट्या, विमानतळावर काकू जे बोलल्या ते सगळं. तो रागावेल अशी मी तयारी केली होती. सात वर्षं तो लोकांना सांगत होता की चाळीस हजारांपायी माझी आई वाईला लवकर परत गेली, ते मी अनेकदा ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी मान फिरवली होती.

त्याने आपला कपही खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे आईला इथे आवडलं नव्हतं."

मी म्हणालो, "तुझ्याकडे आवडलं होतं. खिडकी उघडता येत नव्हती, एवढंच."

तो उठला. हॉलची सरकती खिडकी वर्षानुवर्षं उघडलेली नव्हती, दोनदा हिसका दिल्यावर सरकली. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, ऑगस्टची चिकट हवा, ती धाडकन घरात घुसली. खालच्या रस्त्यावरचे हॉर्न आले, कोणाच्यातरी घरातल्या कुकरची शिटी आली. सुधीर गजाला हात लावून बाहेर बघत उभा राहिला. एसी चालू असताना खिडकी उघडणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आयुष्यभर फाडून खाल्लं आहे. वर कॉम्प्रेसरवर केवढा ताण आला असेल ते मला बसल्या जागी कळत होतं. चहा संपवला आणि त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.